चिरलेला बटाटा काळा का पडतो?

(प्रौढांच्या रात्रवर्गात झालेले भाषण)

या, पुढे या. मागे बसलात तर ताटल्यांत काय चाललं आहे ते दिसणार नाही.

आज मी बटाट्यावर बोलणार आहे. हसू नका! बटाटा नाही असं घर गावात आहे का? तो चिरून ठेवला की आधी गुलाबी होतो, मग तांबूस होतो, मग काळपट पडतो. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पण असं का होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि न विचारल्यामुळे कधी कधी भलत्याच माणसाच्या माथी दोष बसतो. तो कसा, ते सांगते. पण आधी हा पाट पाहा.

पाटावर चार ताटल्या मांडल्या आहेत. प्रत्येक ताटलीपुढे एक चिठ्ठी आहे. अक्षरं मोठी काढली आहेत. पहिली चिठ्ठी कोण वाचतं? बरोबर. 'हवा'. दुसरी? 'पाणी'. तिसरी 'लिंबू'. आणि चौथी 'उकळी'. शाबास! एकही जोडाक्षर ठेवलं नव्हतं, हे खरं, पण वाचलं तुम्हीच.

आता हा एक मोठा बटाटा. याच्या मी चार चकत्या करते. एकाच बटाट्याच्या का? तर मागाहून कुणी म्हणू नये, की बाई, तुमचा हा बटाटा चांगला होता आणि तो वाईट होता. पहिली चकती नुसती ताटलीत ठेवली, उघड्यावर. दुसरी पाण्यात बुडवली. तिसरीला दोन्ही बाजूंनी लिंबू चोळलं. चौथी या उकळत्या पाण्यात सोडली. पाच मिनिटांनी काढून तीही कोरड्या ताटलीत उघडी ठेवीन.

आणि तिकडे खिडकीत एक पाचवी ताटली आहे. तिला चिठ्ठी लावलेली नाही. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

चकत्यांना आपलं काम करू द्या. तोवर आमच्या घरची एक गोष्ट ऐका.

आमचं घर एकत्र. आजी, आजोबा, माझे आईवडील, दोन काका, दोन काकू आणि आम्ही पोरं. होळी झाली की आमच्याकडे वाळवणं सुरू व्हायची. कुरडया, पापड, सांडगे आणि उपासासाठी बटाट्याचा कीस. एका वर्षी नेमकं कीस करायच्या दिवशी माझी आई आणि मोठी काकू एका लग्नाला गेल्या होत्या. घरात धाकटी काकू एकटी. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आजीनं तिच्यापुढे दहा किलो बटाटे ओतले आणि म्हणाली, "ऊन चढायच्या आत कीस पसरून झाला पाहिजे."

काकू कामाला वाघ. तिनं भराभर बटाटे सोलले. किसणी घेतली आणि मोठ्या परातीत किसाचा डोंगर केला. मग किस धुवायला पाणी घ्यावं म्हणून उठली, तर हंडा रिकामा. एरवी पाणी आणायला दोघी-तिघी असायच्या. त्या दिवशी ती एकटी. विहीर उताराला, लांब. दोन खेपा करून ती परत आली, तर परातीतला पांढरा डोंगर तांबडा झाला होता. वरचा थर तर मातीसारखा दिसत होता. तिनं तो धुतला, उकळत्या पाण्यातून काढला, उन्हात घातला. वाळला तो काळपटच.

आजीनं तो पाहिला आणि विचारलं, "कावळा शिवला होता का तुला? लपवलंस का?"

काकू म्हणाली, "नाही हो आत्याबाई."

आजीला पटलं नाही. शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही माना हलवल्या. एक म्हणाली, "अडचण नसेल तर हाताचा गुण असेल." झालं! त्या वर्षापासून वाळवणाला काकूचा हात लागू दिला नाही. बाकीच्या बायका अंगणात हसतखिदळत पापड लाटायच्या आणि काकू विहिरीवर भांडी घासायची. ही गोष्ट तिच्या माहेरापर्यंत गेली. तिच्या भाचीच्या लग्नात लोणचं घालायला ती बसली, तर कुणीतरी म्हणालं, "तुम्ही राहू द्या."

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. तो काळा कीस मी तळून खाल्ला होता. चव तीच होती. पण पोरीचं कोण ऐकतो?

आता बटाट्याच्या आत काय आहे ते पाहू.

बटाटा बाहेरून एकसंध दिसतो. आत तसा नाही. आत लाखो बारीक बारीक घरं आहेत. इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शास्त्रात त्यांना पेशी म्हणतात. आपलं शरीरही अशाच पेशींचं बनलेलं आहे. बटाट्याच्या प्रत्येक घरात एक पडदी आहे असं समजा. पडदीच्या एका बाजूला कच्चा माल ठेवलेला असतो. त्याला रंग नसतो. पडदीच्या दुसऱ्या बाजूला एक रंगारी बसलेला असतो. बटाटा शाबूत आहे तोवर पडदी उभी आहे. रंगाऱ्याची आणि मालाची गाठच पडत नाही. म्हणून शाबूत बटाटा आत पांढरा राहतो.

तुम्ही सुरी चालवलीत, की सुरीच्या वाटेतली घरं मोडतात. पडद्या पडतात. माल आणि रंगारी एक होतात. तरी अजून एक वस्तू हवी. ती म्हणजे हवा, तिच्यातला प्राणवायू. तोही चिरलेल्या जागी आयता मिळतो. मग रंगारी कामाला लागतो. आधी गुलाबी, मग तांबूस, मग काळपट.

या रंगाऱ्याला शास्त्रात विकर म्हणतात. तो जिवंत प्राणी नाही, किडाही नाही. बटाट्यानं स्वतःच बनवलेला तो एक पदार्थ आहे. त्याच्या अंगात तांब्याचे कण असतात. त्या तांब्याच्या जोरावर तो हवेतला प्राणवायू मालाला जोडतो. अळंबी मोडली की काळी का पडते, हे शोधताना फ्रान्समधल्या दोन शास्त्रज्ञांना १८९५ साली असाच रंगारी अळंबीत सापडला होता. वांग्यात तो आहे, केळ्यात आहे, सफरचंदात आहे. चहाच्या पानांत तर फार. हिरवी पानं चुरगळून हवेत ठेवतात, ती तांबूस-काळी होतात, मग भट्टीच्या उष्णतेनं रंगाऱ्याचं काम बंद करतात. आपली चहाची पत्ती तयार होते ती अशी. म्हणजे बटाट्यात जे नको वाटतं, त्याच्यासाठी चहात आपण पैसे मोजतो! आणि आपले केस काळे होतात, कातडीला रंग येतो, तेही याच जातीच्या रंगाऱ्यामुळे.

झाडाला हा उद्योग कशाला हवा? तुमच्या गुडघ्याला खरचटलं की वर खपली धरते ना? तशीच ही बटाट्याची तजवीज आहे. जखमेतून बुरशी, किडे आत शिरू नयेत म्हणून ती. बटाट्याला ठाऊक नसतं की आपण त्याची भाजी करणार आहोत.

आता पहिली ताटली पाहा. चिठ्ठी 'हवा'. चकतीच्या कडा तांबूस झाल्या. होय ना, मावशी? हात लावून पाहा. आता मी सुरीनं वरचा पापुद्रा खरवडते. खाली काय दिसतं? पांढरा बटाटा! कारण खालची घरं अजून उभी आहेत. म्हणजे हा रंग वरवरचा. असा बटाटा नासलेला नसतो. खाल्ला तर काही होत नाही. तो फेकून देऊ नका.

किसाचं मात्र वेगळं. सुरी एका रेषेतली घरं मोडते. किसणी आळीच्या आळी झोपवते. म्हणून कीस चकतीपेक्षा फार लवकर लाल होतो. बोथट सुरीचंही तसंच. ती कापत नाही, चेंगरते. धार असलेली सुरी घ्या. आणि जुनी लोखंडी विळी असेल तर तिचं लोखंडही बटाट्याच्या रसाशी मिळून निळा-काळा डाग पाडतं. त्यात अपाय नाही, पण पांढरं वाळवण हवं असेल तर गंज न चढणारी स्टीलची सुरी बरी.

आता उपाय. रंगारी, माल आणि हवा, हे तिघे जमले की रंग होतो. तिघांपैकी एकाला दूर केलं की झालं.

हवेला दूर करणं सगळ्यांत सोपं. दुसरी ताटली, 'पाणी'. चकती पांढरी आहे. पाण्याखाली हवा पोचते ती थोडीच. शिवाय मोडक्या घरांतला रस पाण्यात धुऊन जातो. वांगं चिरलं की पाण्यात टाकायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आईनं. तिला तिच्या आईनं. कारण सांगितलं नसेल, पण रीत बरोबर होती. तीच रीत बटाट्याला लावा. सोललेला बटाटा पाण्यात, चिरलेला पाण्यात, किसायचं तेही पाणी भरलेल्या पातेल्यात. चिमूटभर मीठ टाकलं तर आणखी बरं. मिठानं रंगाऱ्याचा हात थोडा जड होतो. पाणी गार असू द्या, माठातलं चालेल. कोमट पाण्यात रंगाऱ्याला जोर येतो.

पण एक ध्यानात ठेवा. पाण्यानं रंगारी संपत नाही, तो गप्प बसतो एवढंच. चकती बाहेर काढून ठेवलीत की थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू. आणि चिरलेला बटाटा दिवसभर पाण्यात ठेवू नका. त्यातलं क जीवनसत्त्व पाण्यात जातं, आणि उन्हाळ्यात पाणी आंबतं. तास-दीड तास पुरे. पातेल्याच्या तळाला पांढरा गाळ बसतो, तो टाकू नका. ते बटाट्याचं सत्त्व आहे. वाळवून ठेवा, रस्सा दाट करायला होतं. कपड्यांना खळही होते.

तिसरी ताटली, 'लिंबू'. हीही पांढरी. आंबट लागलं की रंगारी गळपटतो. त्याच्या अंगातलं तांबं लिंबाचा रस धरून ठेवतो. आणि लिंबातलं क जीवनसत्त्व झालेला रंगही परतवतं. लिंबू नसेल तर व्हिनेगर चालतो, ताकाची निवळ चालते. चिंचेचं पाणीही चालतं, पण चिंचेला स्वतःचाच रंग असतो. मोठ्या पातेलंभर पाण्यात एका लिंबाचा रस पुरतो.

चौथी ताटली, 'उकळी'. ही चकती जरा काचेसारखी दिसते, पण काळी नाही. उघड्यावर आहे, पाण्यात नाही, लिंबू नाही, तरी काळी नाही! कारण उकळत्या पाण्यात रंगारी कायमचा संपला. आता ती कितीही वेळ हवेत ठेवा. वेफर्स आणि कीस करणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोलाची ताटली हीच.

तेव्हा वेफर्सचं नीट सांगते. गटातल्या वहिनींनी मला मघाशी सांगितलं, की दुकानदार पांढरे वेफर्स ठेवून घेतो आणि काळपट परत देतो. सोललेल्या दहा किलो बटाट्यांचे वाळल्यावर दोन किलोच्या आसपास वेफर्स होतात. बाकी सगळं पाणी उडून जातं. एवढी मेहनत आणि शेवटी माल परत! म्हणून सुरुवात करण्याआधी पाणी भरून ठेवा. हे पहिलं काम. चूल पेटवा, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात मीठ आणि थोडा लिंबाचा रस घाला. पुष्कळ घरांत तुरटीचा खडा फिरवतात, तिचं कामही आंबटपणाचंच. पण लिंबू असताना तुरटीची गरज नाही. मग बटाटे सोला, सोललेला लगेच पाण्यात. चकत्या पाडा त्या पाण्यातच. दोन-तीन पाणी बदलून धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत.

आता चूक होते ती इथे. घाईनं सगळ्या चकत्या एकदम उकळत्या पाण्यात ओतल्या जातात. मग काय होतं? उकळी बसते, पाणी नुसतं कोमट होतं, आणि कोमट पाण्यात रंगारी कसा वागतो ते मघा सांगितलं. तो मरायच्या ऐवजी नाचायला लागतो. म्हणून थोड्या थोड्या घाला. चार-पाच लिटर पाण्याला अर्धा किलोहून जास्त नको. पुन्हा उकळी फुटली की तीन-चार मिनिटं थांबा. चकती काचेसारखी दिसू लागली, पण मोडत नाही, अशी झाली की झाऱ्यानं रोवळीत काढा. निथळली की लगेच उन्हात, एकावर एक न ठेवता पसरा. ढग असतील त्या दिवशी हे काम काढूच नका.

मोठे कारखाने पांढरेपणासाठी गंधकापासून केलेली एक पूड वापरतात. ती मोजूनमापून घालावी लागते, आणि काही दमेकऱ्यांना ती बाधते. घरी तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. अमेरिकेत तर २०१४ साली बटाट्याच्या अशा एका जातीला परवानगी मिळाली, जिच्यातला रंगारीच शास्त्रज्ञांनी दाबून टाकला आहे. आपल्याकडेही सगळ्या जाती सारख्या काळ्या पडत नाहीत. काही लवकर पडतात, काही उशिरा. तुमच्या बाजारात येणारा कुठला बटाटा कसा वागतो, ते चकती ठेवून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. आता लिहिता येतं ना!

सगळा काळेपणा या रंगाऱ्याचा नसतो, हेही सांगायला हवं. मघाशी आजींनी विचारलं, की उकडलेला बटाटाही कधी कधी करडा पडतो, तो का? उकडल्यावर रंगारी तर मेलेला असतो. बरोबर विचारलंत आजी. ते काम लोखंडाचं. बटाट्यातच थोडं लोह असतं. उकडल्यावर ते आतल्या रसाशी जुळतं, आणि हवा लागली की करडं होतं. त्यानंही अपाय नाही. शिजत आल्यावर पाण्यात थोडं लिंबू पिळा. आधीपासून पिळू नका, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.

आणि तळताना बटाटा पटकन तपकिरी, कडू होतो, तो साखरेमुळे. बटाटा फार थंडीत राहिला, शीतगृहात किंवा घरातल्या फ्रिजमध्ये, की त्याच्या सत्त्वाची साखर होते. ती तळणात करपते. म्हणून बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. शीतगृहातले असतील तर आठ-पंधरा दिवस घरात सावलीत ठेवून मग तळा. तळताना सोनेरी झाले की काढा. फार तपकिरी केलेलं तळण अंगाला चांगलं नाही.

हिरवा बटाटा मात्र निराळा. इथे नीट लक्ष द्या. उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग वाईट नाही, पानांतही तोच असतो. पण त्याच्या बरोबरीनं बटाट्यात एक विष वाढतं. त्यानं ओकाऱ्या होतात, पोट दुखतं, जुलाब होतात. उकडून, तळून ते विष जात नाही. थोडासा हिरवा असेल तर हिरवा भाग जाडसर कापून काढा, कोंब मुळापासून काढा. पुष्कळ हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला, तर टाकून द्या. लेकरांना तर देऊच नका. गुरांपुढेही टाकू नका, त्यांनाही बाधतो. म्हणजे पाहा, काळ्या पडलेल्या निरुपद्रवी बटाट्याला आपण फेकतो, आणि हिरवा मात्र "चालतंय" म्हणून भाजीत घालतो. उलटा कारभार!

आता दादालोकांसाठी. तुम्ही म्हणाल, हे सगळं चुलीपुढचं झालं. पण बटाटा न चिरताही आत काळा पडतो. पोतं ट्रकमधून आदळलं, की सालीखालची घरं आतल्या आत मोडतात. वरून साल शाबूत दिसते. एक-दोन दिवसांनी व्यापारी कापून बघतो, तर आत निळसर-काळा डाग. भाव पडतो. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ठाऊक आहे. तिथला असो की इथला, महिनोन् महिने वाढवलेला माल एका आदळण्यानं डागी होतो. पोतं फेकू नका, खाली ठेवा. हमालालाही तसं सांगा.

आणि बेण्यासाठी बटाटा कापता, तेव्हा मी मघापासून सांगितलेलं सगळं विसरा. तिथे खपली हवी असते! बेण्याच्या फोडी पाण्यात टाकू नका, लिंबू लावू नका. प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे ठेवा. सावलीत, वारा लागेल अशा जागी, ओलसर गोणपाटाखाली दोन-चार दिवस राहू द्या. कापलेल्या जागी साल धरते. मग ती जमिनीत सहजी कुजत नाही.

अर्धा तास होत आला. आता खिडकीतली पाचवी ताटली कुणीतरी इकडे आणा.

तुम्ही जमायच्या आधी मी इथे आलेल्या चौघांना एकेक चकती कापायला सांगितली. एक या आजी. एक त्या नव्या सूनबाई. एक हा शाळेतला मुलगा. आणि एक तुमचे गुरुजी. बटाटा एकच, सुरी एकच. चौघांच्या चकत्या मी एका ओळीत ठेवल्या. पाहा बरं, कुणाची कुठली ते ओळखता येतं का? चारही सारख्याच तांबूस. गुरुजींचीसुद्धा! त्या चौघांत कुणाला अडचण होती का, ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. बटाट्यानंही विचारलं नाही.

मी हे शिकले ते शिक्षण संपता संपता. सुट्टीत घरी गेले तेव्हा आजी राहिली नव्हती. काकूचे केस पिकले होते. मी तिच्यापुढे असाच एक बटाटा कापला. अर्धा पाण्यात टाकला, अर्धा बाहेर ठेवला, आणि सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ दोन्ही तुकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आधी पाणी भरून ठेवायला हवं होतं. एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

ती उठली आणि तो बाहेरचा तुकडा घेऊन भाजीत टाकला.

तुमच्या घरी अशी कुणी असेल, तर उद्याच हा प्रयोग करा. सासूबाईंना अर्धा बटाटा कापू द्या, सूनबाईंना अर्धा. गंमत म्हणून करा, भांडण म्हणून नको.

बरं, तिकडे तेल तापलं आहे. या सगळ्या चकत्या आपण तळू. पाण्यातली, लिंबाची, उकळीची, आणि 'हवा' लिहिलेली ती काळी पडलेलीही. खाऊन पाहा आणि कुठली कुठली ते सांगा. लिंबाची तेवढी आंबट लागेल, ती ओळखाल. मीठ कुणाकडे आहे?